दौंड ते चितवन : उसातल्या माणसांनी पाहिलेले जंगल

लुंबिनीला जायचे हे आमच्या विहारातल्या महिला मंडळाने ठरवले. आम्ही पुरुष मंडळींनी फक्त माना डोलावल्या. बायकांनी दोन वर्षे भिशी लावली होती. कुणी धुणीभांडी करून, कुणी मेसचे डबे करून, कुणी रेल्वे क्वार्टरमध्ये शिवणकाम करून महिन्याच्या महिन्याला पैसे टाकले. शेवटी रक्कम पुरेशी झाली तेव्हा हिशेबाची वही आमच्यापुढे ठेवून अध्यक्षाबाई म्हणाल्या, "भाऊ, आता गाडी तुम्ही बघा. पण एक सांगते. लुंबिनीपर्यंत जाऊन नुसते परत यायचे नाही. तिथून पुढे चितवनचे जंगल आहे म्हणतात. लेकरांना गेंडा दाखवायचा."

गेंडा! आमच्या सौभाग्यवतींनी आयुष्यात रेल्वेचा पास असूनही नागपूर, मुंबई आणि एकदा बोधगया यापलीकडे काही पाहिलेले नव्हते. आम्ही दौंडला रेल्वेत नोकरी केली, निवृत्त झालो, पण जनावरे पाहायला पैसे मोजून कुठे जावे हे कधी मनातही आले नव्हते. जनावर पाहायला जायचे म्हणजे श्रीमंतांचे काम, असाच आपल्या घरांतून समज आहे. शिवाय शिरूर तालुक्यात आमची सासुरवाडी. तिकडे जनावर पाहायला जावे लागत नाही, तेच घराशी येते. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहोत.

अखेर २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही सोळा जण निघालो. दौंडचे अकरा, शिरूरचे पाच. सतरा आसनी गाडी ठरवली होती. एका रिकाम्या जागेवर पिठाचा डबा, शेगडी, चटणीची बरणी आणि भाकरीचा तवा बसला. वाचकहो, हसू नका. चौदा दिवसांत या तव्याने आमचे जे पैसे वाचवले ते पाहून ड्रायव्हरदादाही शेवटी त्याच तव्यावरची भाकरी मागू लागला.

पहाटे दौंडहून केडगाव-चौफुला, न्हावरे करीत शिरूर गाठले. तिथे आमचे मेव्हणे, त्यांची पत्नी, सून, नात आणि मेव्हण्यांची एक विधवा बहीण अशी पाच माणसे पिशव्या घेऊन उभी होती. मेव्हण्यांचे घर शिरूरच्या बेट भागात. घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पूर्वी इथे बाजरी, मठ, हुलगे निघायचे. धरणे झाली, कालवे आले, आणि हिरव्या उसाने सगळे रान भरून गेले. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. त्यात सावली, पाणी, रानडुकरे, कुत्री आणि माणसांची ये-जा कमी. बिबट्याला यापेक्षा चांगले घर कोण देणार? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याची मादी आज उसातच पिल्ले घालते आणि ऊसतोड सुरू झाली की ती पिल्ले तोडणीवाल्यांना सापडतात. जन्मापासून ऊसच पाहिलेल्या त्या पिल्लांना डोंगर आणि जंगल माहीतच नसते.

मेव्हण्यांच्या स्वतःच्या नावावर जमीन नाही. मुलगा आणि सून दुसऱ्याच्या उसात मजुरीने जातात. घर वाडीच्या कडेला, तीन बाजूंनी ऊस. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री बिबट्याने त्यांच्या छपरातली शेळी ओढून नेली. नात तेव्हा दहा वर्षांची. भिंतीपलीकडे शेळी कशी ओरडली आणि मग एकदम कशी गप्प झाली, ते तिने अंथरुणात ऐकले. त्या दिवसापासून पोर सांज झाली की दाराबाहेर पाऊल टाकीना. शाळेची वाट दोन उसांच्या मधून. सकाळी सोडायला आई, संध्याकाळी आणायला आई. म्हणजे सुनेची अर्ध्या दिवसाची मजुरी रोज बुडू लागली. भिशीचे पैसे मेव्हण्यांनी भरले होते ते लुंबिनीसाठी, पण नातीला बरोबर घ्यायचे कारण निराळे होते. मेव्हणे गाडीत बसल्या बसल्या आमच्या कानात म्हणाले, "दाजी, पोरीच्या मनातली भीती काढायचीय. पण जंगलात नेऊन भीती निघते का वाढते, देव जाणे." आम्ही म्हटले, "देवाला मधी कशाला घेताय?" तसे ते हसले.

नगर, छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. दीक्षाभूमीवर एक रात्र. पुढे सिवनीच्या दिशेने जाताना पेंचचे जंगल लागते. तिथे हमरस्ता कित्येक ठिकाणी खांबांवर उचलून घेतला आहे आणि खालून जनावरांना जायला वाट मोकळी ठेवली आहे. गाड्यांचा उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून कडेने उंच भिंती. या वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांचे फोटो निघालेले आहेत. गाडीतल्या सगळ्यांना याचे मोठे नवल वाटले. मेव्हण्यांची सून मात्र बाहेर बघत एवढेच म्हणाली, "वाघाला रस्ता वेगळा केला. आमच्या वाडीला अजून दिवाबत्ती नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

जबलपूर, रीवा, मिर्झापूर करीत सारनाथला पोचलो. वाटेत एका गावात मुक्कामाच्या धर्मशाळेत नाव लिहिताना व्यवस्थापकाने आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग "कौन लोग?" असे विचारले. अध्यक्षाबाईंनी "बौद्ध" असे ठणकावून सांगितल्यावर खोल्या अचानक भरल्या. ती रात्र आम्ही पेट्रोल पंपावर गाडीत काढली. हे लिहितो अशासाठी की आपल्यापैकी जे कुणी गाडी करून निघतील त्यांनी मुक्काम शक्यतो विहारांत आधी विचारून ठेवावेत. सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या देशांचे विहार आहेत, स्वच्छ असतात, आणि तिथे आडनाव कुणी विचारीत नाही.

सारनाथचे जुने नाव मृगदाव, म्हणजे हरणांचे रान. भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला तो हरणांच्या रानात, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे आजही कुंपणात हरणे ठेवलेली आहेत. नात जाळीला नाक लावून बराच वेळ उभी होती. आमची सहल जनावरांची सहल म्हणून तिथूनच सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही. कुशीनगरच्या महापरिनिर्वाण मूर्तीपुढे सगळे गप्प झाले. त्याविषयी या पानांत अनेकांनी लिहिले आहे, आम्ही पुन्हा लिहीत नाही.

गोरखपूरहून सोनौली. तिथे एक कमान ओलांडली की नेपाळ. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट नसेल तर निवडणुकीचे ओळखपत्र जवळ हवेच, नुसत्या आधारवर विसंबू नये. गाडीसाठी पलीकडच्या जकात कार्यालयात, ज्याला तिकडे भन्सार म्हणतात, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे पैसे भरून कागद घ्यावा लागतो. आमचे तिथे साडेतीन तास गेले. आपल्या एका रुपयाला त्यांचा एक रुपया साठ पैसे असा ठरलेला भाव आहे. शंभराच्या नोटा भरपूर न्याव्यात. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. बायकांना याची फार गंमत वाटली. आणि सगळ्यांत सुख म्हणजे पाट्या देवनागरीत! परदेशात आलो आणि दुकानाची पाटी आपल्या सौभाग्यवतींना वाचता येते, असे दुसरीकडे कुठे होईल?

लुंबिनीत दोन दिवस राहिलो. मायादेवी मंदिराच्या आत जन्मस्थळाची शिळा आहे, बाहेर पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. हा स्तंभ १८९६ साली पुन्हा उजेडात आला. त्यावरचा ब्राह्मी लेख पहारेकऱ्याने आम्हाला समजावून सांगितला. इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, म्हणून राजाने स्वतः येऊन पूजा केली आणि लुंबिनी गावाचा बली हा कर माफ केला, उत्पन्नाचा भाग आठव्या हिश्श्यावर आणला. म्हणजे यात्रेला आलेला राजा गावकऱ्यांचा सारा कमी करून गेला! आम्ही हे वाक्य वहीत उतरवून घेतले, का ते तेव्हा कळले नव्हते. आणखी एक आठवण मनात होतीच. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच देशात आले होते. त्यानंतर काही दिवसांतच ते आपल्याला सोडून गेले.

लुंबिनीत सारस पक्षी आहेत, हे आम्हाला माहीत नव्हते. शांती स्तूपाजवळ त्यांच्यासाठी ओलसर रान राखून ठेवले आहे. सकाळच्या धुक्यात गव्हाच्या शेतात एक जोडी चालत होती. माणसाच्या उंचीचे पक्षी, राखाडी अंग, लाल मान. शेतकरी शेजारी पाणी धरत होता. ना तो त्यांच्याकडे बघत होता, ना ते त्याच्याकडे.

लुंबिनीहून चितवन दीडशे किलोमीटरच्या आसपास. नकाशात चार तास, आम्हाला दहा लागले. बुटवलच्या पुढे दाउन्नेचा घाट आहे आणि रस्ता रुंद करायचे काम चालू होते. धूळ इतकी की खिडकीबाहेरची बैलगाडीही दिसेना. दौंडची माणसे दाउन्नेत अडकली, असा विनोद कुणीतरी केला आणि तो पुढे दर तासाला पुन्हा झाला. एका वळणावर टायर फुटला. अंधार पडत आला होता, दोन्ही बाजूंना साल वृक्षांचे दाट जंगल. नात आईच्या पदरात तोंड घालून बसली. "इथं बिबट्या असेल," एवढेच म्हणत राहिली. तिला काय सांगावे? असेल तर असेलही.

सौराहा हे राप्ती नदीकाठचे गाव, चितवनच्या जंगलाचा दरवाजा. एका दलालाने रस्त्यातच गाठून "वाघ नक्की दाखवतो" म्हणून ज्यादा पैसे मागितले. दोन बायका फसता फसता राहिल्या. जंगलात नक्की काही नसते. जो नक्की म्हणतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नये. आम्ही दुसऱ्या दिवशी सरळ परवाना घेणाऱ्या गाईडकडे गेलो.

हा गाईड थारू समाजाचा, तिशीतला, हिंदी छान बोलणारा. पहिल्यांदा त्याने आम्हाला नदीकाठी उभे करून शिकवणी घेतली. गेंडा अंगावर आला तर सरळ पळू नका, नागमोडी पळा, जमले तर झाडावर चढा, हातातली पिशवी किंवा टोपी टाकून द्या म्हणजे तो तिचा वास घेत थांबेल. अस्वल आले तर घोळका करून उभे राहा आणि काठ्या आपटा. वाघ दिसला तर पाठ फिरवू नका, डोळ्यांत बघत एकेक पाऊल मागे या. आणि कधीही, कधीही वाकून किंवा उकिडवे बसू नका. वाकलेला माणूस जनावराला चार पायांचा दिसतो.

शेवटचे वाक्य त्याने म्हटले आणि मेव्हण्यांच्या सुनेने एकदम मान वर केली. "म्हणजे खुरपताना?" तिने मराठीतच विचारले. आम्ही त्याला हिंदीत सांगितले. तो म्हणाला, "हो. आमच्याकडे गवत कापणाऱ्या बायकांवरच जास्त हल्ले होतात."

वाचकहो, सफारी हा शब्द इंग्रजांचा वाटतो, पण तो आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतून आला आणि तिथे अरबी सफरवरून. आपली सफर ती तीच. आधी राप्तीतून लाकडी डोंग्याने उतरायचे होते. सावरीच्या एका खोडातून कोरलेली लांबट होडी, पाण्यापासून काठ जेमतेम चार बोटे वर. एका होडीत आठ माणसे, हलायचे नाही. वाळूवर मगरी तोंड उघडून पडल्या होत्या. एक सुसरही दिसली, लांब बारीक जबड्याची. नराच्या नाकपुडीवर घड्यासारखा फुगवटा असतो म्हणून तिकडे तिला घडियाल म्हणतात. ती माशांवर जगते, माणसाच्या वाटेला जात नाही. नारिंगी रंगाच्या बदकांची जोडी उडाली तेव्हा आमच्या गाडीतला एक रेल्वेवाला ओरडलाच, "अरे हे तर आपल्या भिगवणला येते!" खरेच होते. तो चक्रवाक. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर आम्ही तो कितीदा रेल्वेच्या खिडकीतून पाहिला आहे. परदेशी पाहुणे दौंडपासून तासाभरावर येऊन राहतात आणि आम्ही त्यांना ओळखायला नेपाळपर्यंत आलो.

पलीकडच्या काठावर दोन उघड्या जीपगाड्या उभ्या होत्या. आत शिरलो आणि दोन्ही बाजूंना गवत. त्याला हत्तीगवत म्हणतात, माणसाच्या दुप्पट उंच. पुष्कळ ठिकाणी ते हिवाळ्यात कापून, जाळून टाकलेले होते, तिथे कोवळे हिरवे फुटत होते आणि चितळांचे कळप चरत होते. पण जिथे ते उभे होते तिथे जीप दोन भिंतींमधून चालल्यासारखी वाटे. नातीने आमचा हात धरला. "आजोबा, हे उसासारखंच आहे," ती कुजबुजली. खरोखर उसासारखेच. तीच सळसळ, तोच वास, तीच तीन हातांपलीकडे काही न दिसण्याची धास्ती. आम्हालाही घाम फुटला होता, हे इथे कबूल करतो.

गवत हलले. गाईडने हात वर केला, जीप थांबली. फांद्या मोडल्याचा आवाज, फुसकारा, आणि गवत बाजूला सारून एक राखाडी भिंत बाहेर आली. कातडीच्या घड्या पत्र्याच्या तुकड्यांसारख्या रिपिट मारून जोडल्यासारख्या. नाकावर एकच शिंग. मागून तिचे पिल्लू, शिंग नसलेले, डुकरासारखे दुडुदुडु धावणारे. मादीने आमच्याकडे पाहिले, कान फिरवले, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात निघून गेली. सगळे मिळून मिनिटभर. कुणी फोटो काढला नाही, कारण कुणाचाच हात हलला नाही. मग नातीने हळूच विचारले, "ती आपल्याला काहीच का केली नाही?" गाईड हसून म्हणाला, "तिला तिच्या कामाला जायचे होते."

वाघ दिसला नाही. ओल्या वाळूत पंजाचा ठसा दिसला. अध्यक्षाबाईंनी शेजारी आपला तळहात टेकवून पाहिला. ठसा मोठा.

दुपारी नदीकाठी बसून भाकऱ्या सोडल्या. गाईडलाही दिली. त्याने या जंगलाची हकीकत सांगितली ती आम्हाला घरच्यासारखी वाटली. हे सारे पूर्वी राणा राज्यकर्त्यांचे शिकारीचे रान. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज दिल्ली दरबारानंतर इथे शिकारीला आला आणि अकरा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. थारू लोक तेव्हाही इथेच राहत होते. तराईत मलेरिया इतका की बाहेरचा माणूस टिकत नसे. १९५० नंतर मलेरियाची फवारणी झाली, डोंगरातून लोक उतरले, जंगल तोडून शेते झाली आणि निरक्षर थारूंच्या जमिनी कागदावर दुसऱ्यांच्या झाल्या. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत तर ते कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या शेतावर राबू लागले. त्याला कमैया म्हणत. ही वेठबिगारी सरकारने संपवली ती २००० सालच्या जुलैत. म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत.

१९६० नंतरच्या दशकात चितवनमध्ये गेंडे शंभराच्या आसपास उरले होते. १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे सैन्याचा पहारा बसला. २०२१ च्या मोजणीत चितवनमध्ये ६९४ गेंडे भरले. उद्यान झाले तेव्हा आतल्या वस्त्या मात्र उठवल्या गेल्या, आणि गवत, लाकूड, मासे ज्यावर लोक जगत ते एका कायद्याने चोरी ठरले. नंतर सरकारला शहाणपण आले. आता उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या समित्यांना जातो. कुंपण, शाळा, रस्ता त्यातून होते. गाईडने हे सांगितले तेव्हा आम्हाला लुंबिनीच्या स्तंभावरचा आठवा हिस्सा आठवला.

"मग इथले लोक जनावरावर खूश असतील," मेव्हणे म्हणाले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या काकाला गेंड्याने मारले. मोहरीचे पीक राखायला रात्री मचाणावर होता, लघवीला खाली उतरला. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आता मी तोच गेंडा लोकांना दाखवून घर चालवतो. काकी अजून माझ्याशी या विषयावर बोलत नाही."

आम्ही सगळे भाकरी खायचे थांबलो. नात त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने विचारले आणि आम्ही भाषांतर केले, "तुम्हाला भीती वाटते का?" तो म्हणाला, "रोज वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी हे काम सोडीन." मग त्याने गळ्यातली पितळी शिट्टी काढून तिच्या हातात दिली. धुक्यात गट चुकला की वाजवायची शिट्टी. तिने परत करू पाहिली, त्याने घेतली नाही.

संध्याकाळी हत्ती पाहिले. त्यांच्या पायांतले साखळदंड पाहून बायकांनी त्यांच्यावर बसायचे नाकारले. त्या सवारीचे पैसे वाचले ते ड्रायव्हरदादाच्या टायरला लागले.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. दोघांना ताप, एकीचे पाकीट हरवले, पीठ संपले. घरी आलो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. लोक आम्हाला विचारतात, इतका खर्च करून काय मिळवले? पोरीची भीती गेली का? नाही गेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या बेट भागात, पिंपरखेड आणि जांबूतच्या परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. त्यांत लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पिंजरे लागले, बंदूकधारी आले, एक बिबट्या गोळ्या घालून मारण्यात आला. मृताच्या घरच्यांना २५ लाखांची मदत आहे. त्या पैशाने काय होते आणि काय होत नाही हे त्या आयांना विचारावे. त्या दिवसांत माणसे गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घालून शेतात जात होती, कारण बिबट्या मान धरतो. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले आणि शहरातल्या काही जणांना ते गमतीचे वाटले. मेव्हण्यांच्या मुलाच्या गळ्यात आम्ही तो पट्टा स्वतः पाहिला आहे. मजुरी बुडवता येत नाही म्हणून तो पट्टा होता.

चितवनच्या गाईडकडे तिकीट होते, जीप होती, शिकवणी होती, आणि गावाला वाटा होता. आमच्या बेट भागात बिबट्या तितकाच खरा आहे, पण त्याच्याशी कसे वागावे हे मजूर बाईला सांगायला कुणी बांधावर येत नाही. येतात ते माणूस गेल्यावर. रात्री पंपाला वीज येते म्हणून रात्रीच पाणी धरावे लागते. हे बिबट्याने ठरवलेले नाही. जंगलखात्याचे काही लोक मनापासून राबतात, रात्री-अपरात्री धावतात, हेही आम्ही पाहिले आहे. पण गावातला एक शिकलेला तरुण पगार देऊन याच कामाला ठेवला, तर काय बिघडेल? आपल्याकडेही उदाहरण आहे. उजनीच्या पाण्याने ज्यांची शेते गेली त्या भिगवणकडच्या मच्छीमारांची पोरे आज पाहुण्यांना होडीतून रोहित दाखवून चार पैसे मिळवतात. पक्ष्यांची नावे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. बिबट्याचे तिकीट विकावे असे आम्ही म्हणत नाही. ते कुणी विकूही नये. पण माहिती असलेला माणूस गावाला मिळावा.

ज्यांना चितवनला जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली घोषित झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथे चिंकारा हरीण दिसते. दौंडहून सकाळी निघून दुपारी घरी येता येते. लेकरांना घेऊन जावे. गाडीतून उतरून आरडाओरडा करू नये, एवढेच.

नात गेल्या वर्षापासून शिकायला आमच्याकडे दौंडला आहे. शनिवारी दुपारी तिला तिच्या आईकडे सोडायला आम्हीच जातो. डांबरी रस्ता संपतो तिथे उतरायचे आणि उसामधल्या वाटेने पाऊण मैल चालायचे. ती पुढे, आम्ही काठी घेऊन मागे. पहिला ऊस लागला की ती दप्तरातून पितळी शिट्टी काढते आणि दर वीस पावलांवर एकदा वाजवते. भीतीने की सवयीने, ते आम्ही विचारलेले नाही. पलीकडच्या रानात तिची आई बायकांबरोबर खुरपायला वाकलेली असते. शिट्टी ऐकू आली की ती खुरपे टाकून उभी राहते, आणि तिच्या बरोबरच्या बायकाही एकेक करून कंबर सरळ करतात.